रमाबाईंनी उघडलेलं दार

आपल्या शाळेच्या स्नेहमेळाव्याची स्मरणिका निघते आहे, तूही काहीतरी लिही, असा आपल्या बॅचच्या ग्रुपवर निरोप आला. मी आयुष्यभर लिहिलं ते केसपेपरवर आणि ड्युटीच्या रजिस्टरमध्ये. म्हणून स्वतःबद्दल लिहिण्यापेक्षा जिच्यामुळे मी नर्स झाले, त्या बाईबद्दल लिहायचं ठरवलं. ती आपल्या शाळेची नाही, वरसाव्याचीही नाही. मी जन्मले तेव्हा तिला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. तिचं नाव रमाबाई रानडे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी 2012 साली टीव्हीवर ‘उंच माझा झोका’ ही मालिका पाहिली असेल. छोटी रमा घराघरांत लाडकी झाली होती. पण मला रमाबाई भेटल्या त्याच्या पंचवीस-सव्वीस वर्षं आधी, आमच्या पत्र्याच्या घरात, कंदिलाच्या उजेडात. त्यांना घेऊन आल्या होत्या आपल्या मराठीच्या बाई.

जुन्या मुलांना ठाऊक आहे, माझे वडील खाडीत रेतीच्या होडीवर बुड्या मारायचे. मी नववीत असताना एके दिवशी ते वर आले नाहीत. त्यानंतर आईने घरातल्या विठोबाच्या तसबिरीला फूल घालणं सोडलं. मीही हात जोडणं सोडलं. दहावी झाली, ठाण्याला एसटीने जाऊन-येऊन बारावी झाली. नर्सिंगला विद्यावेतन मिळतं आणि राहायची सोय असते, हे मला बाईंनीच सांगितलं होतं. पण चुलत्यांनी साफ नकार दिला. परक्या पुरुषांची घाण काढायची, रात्री घराबाहेर राहायचं, मग या मुलीशी लग्न कोण करणार, असं त्यांचं म्हणणं. आई गप्प होती. तेव्हा एका संध्याकाळी बाई वरसाव्याला घरी आल्या आणि आईसमोर बसून त्यांनी रमाबाईंची गोष्ट सांगितली. पुढे मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. ते सगळं मिळून इथे लिहिते.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 चा, देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरातला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरी मुलींना शिकवायची पद्धत नव्हती. 1873 मध्ये अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा महादेव गोविंद रानडे, वय एकतीस, सरकारी न्यायाधीश आणि समाजसुधारक. रानड्यांची पहिली पत्नी वारली होती आणि त्यांनी विधवेशी लग्न करावं अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे ते झुकले आणि एका लहान मुलीशी लग्न केलं. त्याबद्दल लोकांनी त्यांना पुष्कळ बोल लावले. पण त्या मुलीला अक्षर येत नाही हे कळताच त्यांनी पाटी-पेन्सिल आणवली आणि शिकवायला बसले.

घरातल्या बायकांना हे आवडलं नाही. दिवसभर टोमणे, कामाचा ढीग आणि अबोला. रमाबाई उलट बोलल्या नाहीत, पण अभ्यासही सोडला नाही. मराठी झालं, इंग्रजी झालं, नवऱ्याबरोबर कलकत्त्याला जाणं झालं तेव्हा बंगालीही शिकल्या. 1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. तिथे जायला लागल्यावर घरचा राग आणखी वाढला. पुढे मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी या घरातल्या सुनेने इंग्रजीतून भाषण केलं. 1884 मध्ये ती शाळा निघाली. आज आपण तिला हुजूरपागा म्हणतो.

एवढं ऐकून आई म्हणाली की जज्जाच्या बायकोला काय कमी असणार. बाई हसल्या आणि म्हणाल्या की खरी गोष्ट यापुढेच आहे.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे वारले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. पोटी मूल नव्हतं. ज्या माणसाने अक्षर दिलं, विचार दिला, तो गेला. मुंबईचं घर सोडून त्या पुण्याला आल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. आई इथे पहिल्यांदा पुढे सरकून बसली, ते मला अजून दिसतं.

त्यांना त्या अंधारातून बाहेर कुणी काढलं? मला वाचून समजलं ते असं की त्यांची देवावरची श्रद्धा आणि नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम, या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकच झाल्या. रानडे प्रार्थना समाजाचे. संतांचे अभंग हा त्यांचा रोजचा आधार. माणसाची सेवा हीच उपासना, असं ते मानत. त्यांची धर्मपर व्याख्यानं रमाबाईंनी पुढे छापून प्रसिद्ध केली. पण नुसती छापून त्या थांबल्या नाहीत. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, त्यांच्याशी बोलत बसू लागल्या. इस्पितळांत रोग्यांसाठी फळं, फुलं, पुस्तकं घेऊन जाऊ लागल्या. दुःखातल्या बाईने दुसऱ्याच्या खाटेजवळ जाऊन बसायचं, हे त्यांना तिथे सापडलं.

1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन निघालं, तेव्हा त्याची धुरा रमाबाईंकडे आली. दुसऱ्या वर्षी, 2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्याचं सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. शिवण, शिक्षिकांचं प्रशिक्षण, प्रौढ बायकांचे वर्ग असं काम वाढत गेलं. पण सगळ्यात अवघड होतं ते नर्सिंग.

ते अवघड का होतं, हे आजच्या मुलींना सांगावं लागेल. त्या काळी इस्पितळात नर्स म्हणजे बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा देशी ख्रिस्ती बाई. हिंदू घरातल्या बाईने, त्यातही विधवेने, कुठल्याही जातीच्या माणसाला हात लावायचा, रक्त-पू पुसायचा, बाळंतपणं करायची, म्हणजे धर्म बुडाला असं लोक मानत. आणि घराघरांत कोपऱ्यात बसवलेल्या तरुण विधवा तर हजारोंनी होत्या. रमाबाईंनी नेमक्या या दोन गोष्टी एकत्र आणल्या. एकीकडे शुश्रूषेवाचून तळमळणारे रोगी, दुसरीकडे कुणालाच नको असलेल्या बायका. घरोघरी जाऊन, आईबापांची आणि सासरच्यांची समजूत घालून त्यांनी मुली आणल्या आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात शिकायला पाठवल्या.

सेवासदनच्या एका वार्षिक समारंभाची हकिगत बाईंनी सांगितली. बक्षीस घ्यायला एक विधवा व्यासपीठावर आली. केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण. तिला पाहून कॉलेजातल्या पोरांनी हुल्लड केली, टाळ्या पिटल्या, शेरे मारले. एरवी मृदू बोलणाऱ्या रमाबाई समारोपाला उभ्या राहिल्या आणि त्या शिकलेल्या पोरांना त्यांनी सरळ विचारलं की तुमच्यापैकी कोणाच्या घरात अशी आई, बहीण किंवा आत्या नाही. सभा चिडीचूप झाली.

आमच्या घरातही कोणी बोललं नाही. थोड्या वेळाने आईने एवढंच विचारलं की त्या बाईने बक्षीस घेतलं ना. बाई म्हणाल्या, घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझ्या फॉर्मवर अंगठा उठवला. चुलते वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत.

होस्टेलवरून सुट्टीला आले की मी आईला सही शिकवायचे. रानड्यांनी रमाबाईंना पाटी दिली, मी आईला माझ्या जुन्या वहीची मागची पानं दिली. तिला तीन महिने लागले. माझं नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा पोस्टमनच्या वहीत तिने स्वतःचं नाव लिहिलं, मोडकं पण पूर्ण.

नोकरीतलं सगळंच चांगलं होतं असं सांगणार नाही. पहिल्या वर्षी एका रोग्याच्या नातेवाइकांनी माझ्या हातचं पाणी नाकारलं. एकदा रात्रपाळीला माझ्या डोळ्यांसमोर माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस गेला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नोकरी सोडावी असं तेव्हा फार वाटलं. अशा वेळी रमाबाईंचं ते वर्ष आठवायचं, बंद दारामागचं. ते संपलं होतं, मग हेही संपेल, असं मनाशी म्हणायचे आणि पुन्हा वॉर्डात जायचे.

रमाबाईंची आणखी एक गोष्ट मला पुढे कळली. आळंदीच्या यात्रेला त्या सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन जात आणि वारकरी बायकांची शुश्रूषा करत. काही वर्षांनी आषाढी वारीच्या आरोग्य पथकात माझी ड्युटी लागली. पालखीच्या मुक्कामी एका म्हातारीच्या टाचेचे फोड धुऊन मलमपट्टी करत होते. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मलाच माउली म्हणाली. नववीनंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा हात जोडले. घरी येऊन आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तसबिरीला तुळशीची माळ होती.

1910 मध्ये रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक आलं, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. त्याला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची आहे. त्यात नवऱ्याबद्दल भरभरून आहे, स्वतःच्या कामाबद्दल फार थोडं. शेवटच्या वर्षांत त्या मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठी झटल्या. 1924 मध्ये त्या गेल्या, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक बायका शिकत होत्या. 1962 मध्ये, जन्मशताब्दीला, त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. रमाबाईंनी स्वतः नर्सची टोपी कधी घातली नाही. पण माझ्यासारख्या किती जणींच्या डोक्यावर ती त्यांनी ठेवली!

आपल्या मराठीच्या बाई आता नाहीत. मेळाव्याला त्या असत्या तर पहिल्या रांगेत बसल्या असत्या. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून हा लेख. मित्रमैत्रिणींनो, आपल्या वरसाव्याच्या पाड्यांवर, खदानींजवळ, हायवेलगतच्या खोल्यांत आजही बारावी होऊन घरी बसलेल्या मुली आहेत. त्यांच्यापैकी कुणाला नर्सिंगला जायचं असेल तर मला कळवा. फॉर्म मी भरून देईन, आणि घरचे नाही म्हणाले तर संध्याकाळी त्यांच्या घरी येऊन बसेन. गोष्ट मला पाठ आहे.