शंकरराव किर्लोस्कर : कुंचल्याकडून जाहिरातीकडे

पिरनवाडीहून बेळगावच्या बाजारपेठेत जाणाऱ्या आमच्या वाचकांना किर्लोस्कर रोड हे नाव अपरिचित नाही. त्या रस्त्याने जाता-येता या नावाची थोर परंपरा मात्र फार थोड्यांच्या मनात येत असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र शाळेतील मुलांना थोडेफार ठाऊक असते. त्यांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्याविषयी मात्र आमच्या पिढीत फारसे बोलले जात नाही. जाहिरात ही केवळ दुकानदाराची आरोळी नसून तीही एक कला आहे, हे मराठी माणसाला ज्यांनी प्रत्यक्ष कृतीने दाखविले त्यांत शंकररावांचे स्थान आम्ही पहिल्या पंक्तीत मानतो. म्हणून त्यांचा अल्प परिचय येथे करून देत आहोत.

आधी काकांविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. लक्ष्मणराव १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. चित्रकार व्हावे या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही असे तेथे आढळून आले. ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याने चित्रकार कसे व्हावे? लक्ष्मणराव यांत्रिक रेखनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले, आणि पुढे नोकरी सोडून बंधू रामूअण्णांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींच्या धंद्यात व मागाहून कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांच्या निर्मितीत शिरले. नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी झाली, तेव्हा त्यांना बेळगाव सोडणे भाग पडले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा ओसाड माळ दिला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

शंकररावांचा जन्म १८९१ साली झाला. त्यांचे वडील डॉ. वासुदेवराव हे लक्ष्मणरावांचे बंधू. सोलापुरात ते वैद्यकीय व्यवसाय करीत. काकांना नियतीने जी देणगी नाकारली होती, ती पुतण्याला मुक्तहस्ताने लाभली होती. शंकररावांना रंग आणि रेषा यांची उपजत जाण होती. चित्रकलेच्या शिक्षणासाठी ते थेट लाहोरला पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांकडे गेले. सातवळेकर हे मूळचे सावंतवाडीकडचे. वेदांचे भाष्यकार म्हणून आज ते सर्वांना माहीत आहेत. पण त्या काळी लाहोरात त्यांची चित्रशाळा होती, आणि एवढ्या दूर देशी एक मराठी चित्रकार तैलचित्रे काढून मानाने उदरनिर्वाह करीत होता, ही गोष्ट आम्हांला मोठी मौजेची वाटते.

अशा गुरूच्या हाताखालून बाहेर पडलेल्या तरुणाने पुढे काय करावे? राजेरजवाड्यांची व्यक्तिचित्रे रंगवावीत, प्रदर्शनांतून पदके मिळवावीत, हा रूढ मार्ग होता. शंकरराव गेले ते काकांच्या कारखान्यात. आणि तेथे त्यांच्याकडे काम आले ते नांगरांच्या जाहिरातीचे! कलावंताने लोखंडाच्या मालाची चित्रे काढावीत यात अनेकांना अधोगती दिसली असती. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. चित्रकलेत गती असलेल्या मुलाच्या घरी तो आजही उभा राहतो. शंकररावांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी काम हाती घेतले.

आणि ते काम सोपे मुळीच नव्हते. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते, पीक जळते, असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगर उत्तम आहे एवढे ओरडून सांगितल्याने हा समज जाणारा नव्हता. लाकडी नांगर वरवर माती उकरतो, लोखंडी फाळ खोल जाऊन हरळीची मुळे उपटून काढतो. हे शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत पटवावयास हवे होते, आणि ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला चित्राने सांगावयास हवे होते. शेतकऱ्याची भीती काय आहे हे ओळखल्यावाचून त्याच्यासाठी चित्र काढता येत नाही. तैलचित्रासाठी समोर बसलेल्या माणसाचा चेहरा निरखावा लागतो. येथे न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाचे मन निरखावे लागे. आमच्या मते लाहोरचे शिक्षण येथेच सार्थकी लागले.

१९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. परदेशांतील मोठे कारखाने आपल्या मालाची माहिती देणारी पत्रके काढीत, त्याच जातीचे हे पत्रक होते. कारखान्याची वार्ता विक्रेत्यांना व गिऱ्हाइकांना कळावी, एवढाच त्याचा मूळ हेतू. परंतु केवळ मालाची स्तुती कोणी दुसऱ्यांदा वाचीत नाही, हे शंकररावांनी अचूक ओळखले. म्हणून उद्योगधंद्यांतील यशाच्या हकिकती, आरोग्य, समाजसुधारणा, गोष्टी आणि त्यांची स्वतःची व्यंगचित्रे असा मजकूर त्यात येऊ लागला. पुढे नावातील ‘खबर’ गळून पडले, ‘किर्लोस्कर’ तेवढे उरले. आणि नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेले पत्र घरोघरी वाचनासाठी मागविले जाऊ लागले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकाने छापले. त्यांवरून वाचकांत मोठी खळबळ उडाली, तरी संपादकाने माघार घेतली नाही. गिऱ्हाईक दुखावू नये हा जाहिरातीचा पहिला नियम. तो या जाहिरातकारानेच मोडला, हे विशेष!

१९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही आणखी दोन मासिके त्यांनी काढली. मराठी स्त्रीला तिच्या शिक्षणाविषयी, विवाहाविषयी, अर्थार्जनाविषयी उघडपणे बोलावयास हक्काचे स्थान ‘स्त्री’ने दिले. एका आडवळणी स्टेशनाजवळच्या माळावरून, जेथे नांगरांचे फाळ ओतले जात तेथूनच, ही तिन्ही मासिके महाराष्ट्रभर आणि आमच्या या सीमाभागातही जात असत.

शंकररावांनी धंद्याविषयी पुस्तके लिहिली, व्यंगचित्रे काढली, ‘शंवाकि’ या आद्याक्षरी नावाने ते ओळखले जाऊ लागले. १९७४ साली ‘शंवाकीय’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ते वाचकांच्या हाती पडून फार दिवस लोटले नाहीत तोच, १९७५ साली, त्यांचे देहावसान झाले.