रात्रशाळेपासून कामगार कायद्यापर्यंत : एन. एम. जोशी मार्गाचे जोशी नेमके कोण?

गोदावरीला पाणी वाढलं की नाशिकच्या निफाड तालुक्यातलं सायखेडा गाव जागं राहतं. २०१६ आणि २०१९ च्या पुराने गावाला चांगलाच तडाखा दिला. अशा वेळी मदतीला सगळ्यात आधी धावतात ती आसपासचीच पोरं. पण पाणी ओसरल्यावर काय? पुराच्या दिवशी हात पुष्कळ असतात. याद्या करायला, हिशोब ठेवायला, पुढच्या पावसाची तयारी करायला मात्र मोजकेच उरतात. कोणत्याही सेवा मंडळाचं हे जुनं दुखणं आहे.

असे मागे उरणारे पुढे कुठवर जाऊ शकतात, हे पाहायचं असेल तर शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या एका माणसाची गोष्ट बघायला हवी. नारायण मल्हार जोशी. लोअर परळचा एन. एम. जोशी मार्ग यांच्याच नावाचा.

जोशींचा जन्म १८७९ चा, कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा. पुण्यात बी.ए. झाले आणि शिक्षकी पेशा धरला. १९०९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. इथे सेवा फावल्या वेळात करायची नव्हती. तुटपुंज्या मानधनावर आयुष्यभर करायची होती.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, कर्जबाजारी कामगारांसाठी सहकारी पतसंस्था, अशी कामं स्वयंसेवकांच्या बळावर उभी राहिली. जोशी अनेक वर्षं लीगचे चिटणीस होते. म्हणजे भाषण देऊन निघून जाणारे नव्हे, तर संस्था रोज चालवणारे.

पण इथेच एक मोठी अडचण होती. १९११ च्याच कारखाना कायद्याने गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस १२ तासांचा ठरवला होता. एवढं राबून आलेला माणूस रात्रशाळेत शिकणार कसा? शाळा कितीही चांगली काढली, तरी कामाचे तास कमी झाल्याशिवाय तिचा उपयोग अर्धाच.

जोशी सेवेकडून कायद्याकडे वळले ते या वाटेने. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे भारतीय कामगारांच्या बाजूने जोशी गेले होते. त्या परिषदेत भारतासाठी ६० तासांचा आठवडा ठरला आणि १९२२ च्या कारखाना कायद्यात तो आलाही.

१९२० मध्ये आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत जोशी होते, पुढे ते सरचिटणीसही झाले. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसले. संघटनांना कायदेशीर मान्यता द्या, ही मागणी त्यांनी तिथे लावून धरली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा हे तिचंच फळ. बाळंतपणाच्या रजेसाठी त्यांनी आणलेलं विधेयक मात्र फेटाळलं गेलं.

सगळेच त्यांच्यावर खूश होते असंही नाही. सरकारी रॉयल कमिशनवर बहिष्कार टाकायचा की नाही, यावरून १९२९ च्या नागपूर अधिवेशनात आयटक फुटली. कमिशनचे सदस्य असलेले जोशी बाहेर पडले. जहालांना ते फारच मवाळ वाटायचे. पण १९४० मध्ये दोन्ही गट एकत्र आले, तेव्हा सरचिटणीसपद पुन्हा जोशींकडेच आलं.

लीगचं परळचं दामोदर हॉल इतरांच्याही कामी आलं. १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेसाठी बैठक बोलावली, ती याच सभागृहात.

१९५५ मध्ये जोशी गेले. रात्रशाळेपासून सुरू झालेलं त्यांचं काम कामाच्या तासांपर्यंत पोचलं, कारण रात्रशाळा काढून ते थांबले नाहीत. सायखेड्यातला पोरगा पूर ओसरल्यावरही मंडळात येत राहिला, तर दोर टाकण्याबरोबरच तोही एक दिवस विचारू लागतो, पाणी दरवेळी याच घरांत का शिरतं?