ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील पंचांगांची मोठी पंचाईत झाली होती. गणित शतकानुशतके जुनेच चालत आल्यामुळे पंचांगातील ग्रहणाची वेळ एक, तर आकाशातील दुसरीच, असे होऊ लागले. अलिबागजवळच्या नागाव येथे १८२५ साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ रचून हा दोष काढण्यास आरंभ केला. त्यांच्यानंतर हे कार्य ज्यांनी नेटाने पुढे नेले, त्यांत व्यंकटेश बापूजी केतकर हे अग्रगण्य होत.

केतकरांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. त्यांचे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. मोठी वेधशाळा हाताशी नसताना केवळ गणिताच्या बळावर त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला.

नेपच्यूनच्या पलीकडेही ग्रह असावेत, असे त्यांना वाटे. गुरूच्या तीन चंद्रांची गती मोठी नियमबद्ध आहे. सर्वांत बाहेरचा चंद्र एक प्रदक्षिणा करतो, तेवढ्यात मधला दोन व आतला चार करतो. असाच मेळ दूरच्या ग्रहांतही असेल, अशा कल्पनेने त्यांनी दोन अज्ञात ग्रहांचे गणित मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर, त्याच्या ३८.९५ पट दूर ब्रह्मा असावा व त्याची प्रदक्षिणा २४२.२८ वर्षांत व्हावी, असे उत्तर निघाले.

परदेशी विद्वानांशी विचारविनिमय करण्यास त्या काळी टपालाखेरीज दुसरा मार्ग क्वचितच असे. केतकरांचे गणित समुद्रापार पॅरिसला पोहोचले आणि १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या मुखपत्रात छापले गेले. मात्र ग्रह आकाशात नेमका कोठे शोधावा, हे त्यात नव्हते. ही उणीव लहान नव्हे!

फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट व प्रदक्षिणाकाळ सुमारे २४८ वर्षे भरला. आकडे इतके जवळचे, की ब्रह्मा तो हाच, असे अनेकांना वाटले. परंतु एवढ्यावरून केतकरांची उपपत्ती सिद्ध होत नाही. हा योगायोगही असू शकतो. २००६ पासून प्लूटोची गणना बटुग्रहांत होते. केतकर १९३० च्या ऑगस्टमध्येच निवर्तले. त्यांचा विष्णू अद्याप कोणास दिसलेला नाही.