मिनी गेली तेव्हा

जॉन बोल्बी यांचा जन्म १९०७चा, लंडनमधल्या सुखवस्तू घरातला. वडील राजघराण्याचे शल्यचिकित्सक. त्या वर्गाच्या रीतीप्रमाणे मुलांना आई भेटायची ती चहानंतर तासभर. बाकी दिवस दाईंकडे. त्यांतली लाडकी मिनी जॉन चार वर्षांचे असताना काम सोडून गेली. आईच गेल्यासारखं ते दुःख होतं, असं ते मोठेपणी सांगत. पुढे बोर्डिंग शाळा.

बोल्बी मानसोपचारतज्ज्ञ झाले, मनोविश्लेषण शिकले. त्या काळी या शास्त्रात मुलाच्या मनातल्या कल्पनांना मोठं महत्त्व. घरात प्रत्यक्ष काय घडतंय, हे दुय्यम. १९३८मध्ये मेलनी क्लाइन यांच्या देखरेखीखाली ते तीन वर्षांच्या एका चंचल मुलावर उपचार करत होते. आई त्याला घेऊन यायची आणि बाहेर अस्वस्थ बसून राहायची. तिच्याशी बोलायचं नाही, अशी क्लाइन यांची ताकीद. तीन महिन्यांनी ती आईच मनोरुग्णालयात दाखल झाली. क्लाइन यांना काळजी एवढीच, की आता मुलाला आणणार कोण! बोल्बींच्या मनातून ही घटना कधी गेली नाही.

चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा त्यांचा अभ्यास १९४४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली १४ मुलं कुणाशीच मायेनं बांधली गेली नव्हती. पैकी १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. (तपासणारे आणि निष्कर्ष काढणारे बोल्बीच, हा यातला कच्चा दुवा. सगळा भार आईवर टाकल्याची टीकाही झाली, ती अगदीच गैर नव्हती.)

मेंदूत डोकावणारी यंत्रं तेव्हा नव्हती. लहानपणी सतत भीती वाट्याला आली, की धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला अधिक चेतवला जातो आणि त्याला आवर घालणाऱ्या, कपाळामागच्या भागाशी असलेली त्याची जोडणी बदलते, हे नंतर कळलं. बोल्बी १९९०मध्ये गेले. दहा वर्षांनी बुखारेस्टमध्ये अनाथालयातल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून कुटुंबांकडे सोपवण्यात आलं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारख्या दिसल्या. उशिरा गेलेल्यांच्या तशा नव्हत्या.

मग ज्यांचं ते वय निघून गेलं, त्यांचं काय? बोल्बी उतारवयात याच प्रश्नाकडे वळले. १९७९च्या एका लेखात त्यांनी आई किंवा वडिलांची आत्महत्या डोळ्यांनी पाहिलेल्या मुलांबद्दल लिहिलं. घरचे सांगतात, आजारानं गेले, अपघात झाला, तुला स्वप्न पडलं असेल. मूल मग स्वतःच्या डोळ्यांवरच अविश्वास दाखवू लागतं. अशा माणसाला आधी हवा सुरक्षित आधार, म्हणजे जे घडलं त्याकडे पाहण्याची हिंमत होईल असा सोबती. तो सोबती म्हणजे उपचारक. पण एकदा सोडून गेलेल्यांचा अनुभव असला, की माणूस त्यालाही सहज जवळ करत नाही. उपचारकाची सुट्टी जवळ आली, की कुणी चिडतं, कुणी भेटी चुकवतं, कुणी काहीच झालं नाही असं दाखवतं. बोल्बी तिकडे बारकाईनं लक्ष द्यायला सांगत.