छापखान्यातला कागद फुगायचा म्हणून एसी बनला, आज त्याच्या जिवावर वाळवंटातलं फिनिक्स जगतंय

एसी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, एक टन की दीड टन? आता त्या डब्याचं वजन काही टनभर नसतं. मग हे टन आलं कुठून?

तर बर्फातून. एक अमेरिकन टन म्हणजे २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खेचणारं मशीन म्हणजे एक टनाचं मशीन. १९०२ साली विलिस कॅरियर नावाच्या २५ वर्षांच्या पोरानं जे मशीन कागदावर उतरवलं, ते ५४ टनांचं होतं. म्हणजे दिवसाला १ लाख ८ हजार पौंड बर्फाचं काम एकट्या मशीननं करायचं.

गंमत म्हणजे ते माणसांसाठी नव्हतंच. ते होतं कागदासाठी.

विलिस कॅरियरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावातला. घर शेतकऱ्याचं. लहानपणी अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरेनात, तेव्हा आईनं सफरचंदं आणायला लावली. त्यांचे अर्धे, पाव, अष्टमांश तुकडे करून तिनं गणित शिकवलं. तो ११ वर्षांचा असताना ती गेली, पण प्रश्नाचे तुकडे करून तो सोडवायची सवय आयुष्यभर राहिली.

पुढं शिष्यवृत्ती मिळाली आणि तो कॉर्नेल विद्यापीठात पोहोचला. खर्चासाठी लोकांच्या अंगणातलं गवत कापलं, भट्ट्या सांभाळल्या. १९०१ साली इंजिनिअर होऊन बफेलो फोर्ज कंपनीत लागला, पगार आठवड्याला १० डॉलर. काम कसलं? तर लाकूड आणि कॉफी वाळवणाऱ्या गरम हवेच्या यंत्रणांचं. थोडक्यात, जगाला गार करणाऱ्या माणसाची सुरुवात गरम करण्यापासून झाली.

दुसऱ्याच वर्षी ब्रुकलिनमधल्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्याचं दुखणं त्याच्याकडं आलं. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकामागून एक रंग चढतात. पण दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा. एक रंग छापून दुसरा चढवेपर्यंत कागदाचं मापच बदलायचं, चित्र हलायचं आणि माल वाया जायचा.

कॅरियरनं ओळखलं की नुसती हवा गार करून भागणार नाही, हवेतलं पाणी ताब्यात आलं पाहिजे. १७ जुलै १९०२ ला त्याचे आराखडे तयार झाले. आर्द्रता बारा महिने ५५ टक्क्यांवर ठेवायची, हे त्याचं उद्दिष्ट होतं. आधुनिक एअर कंडिशनिंगचा जन्म याच तारखेला झाला, असं मानलं जातं.

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर धुकं पडलं होतं. गाडीची वाट बघता बघता त्याच्या डोक्यात आलं, धुकं म्हणजे पाण्यानं पूर्ण भरलेली हवा. पण हवा थंड असेल तर ती पूर्ण भरूनही तिच्यात पाणी थोडंच मावतं. म्हणजे थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेली, तर जास्तीचं पाणी तिथंच गळून पडेल. पाण्यानं हवा कोरडी करायची! ऐकायला उलटं वाटतं, पण १९०६ साली याच यंत्राचं पेटंट त्याला मिळालं. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द मात्र त्याचा नाही. तो स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरनं त्याच वर्षी वापरात आणला.

पुढं १९११ साली कॅरियरनं तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू यांचं गणित अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढं मांडलं. आजही एसीचं शिक्षण घेणाऱ्यांना तो तक्ता सुटत नाही.

सगळं सुरळीत चाललेलं असताना पहिलं महायुद्ध सुरू झालं. बफेलो फोर्जनं ठरवलं की आपण फक्त यंत्रं बनवायची, डिझाइन आणि बसवण्याचा व्याप बंद. कॅरियरसमोर दोन रस्ते होते. गप नोकरी करायची किंवा स्वतःचं काहीतरी उभं करायचं. त्यानं दुसरा रस्ता धरला. विक्रीतला जाणकार मित्र आयर्विन लाइल आणि इतर पाच इंजिनिअर सोबत आले. सातही जणांनी मिळून ३२,६०० डॉलर उभे केले आणि २६ जून १९१५ ला कॅरियर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन सुरू झाली.

म्हणजे हा माणूस नुसता संशोधक नव्हता, आजच्या भाषेत तो एसीचा काँट्रॅक्टर होता. जागा बघायची, उष्णतेचा हिशोब करायचा, यंत्रणा बसवायची आणि ठरलेलं काम ती करते की नाही याची जबाबदारी घ्यायची.

१९२२ साली त्यानं सेंट्रिफ्यूगल चिलर आणला. तोपर्यंतच्या अवजड यंत्रांत विषारी अमोनिया असायचा, गर्दीच्या जागी ते धोक्याचं. नवं यंत्र आटोपशीर होतं आणि त्यात अमोनिया नव्हता. १९२४ साली डेट्रॉइटच्या हडसन स्टोअरमध्ये अशी तीन यंत्रं लागली, कारण तळघरातल्या सेलमध्ये गिऱ्हाइकं उकाड्यानं चक्कर येऊन पडत होती. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरची पाळी आली. पहिल्या दिवशी लोक हातपंखे घेऊनच बसलेले. हॉल हळूहळू गार झाला आणि एकेक पंखा थांबत गेला. मग उन्हाळ्यात सिनेमा बघायला जायचं, ते गारव्यासाठीही.

पण घरं अजून लांब होती. १९२८ साली घरगुती यंत्र आलं आणि पाठोपाठ महामंदी आली. १९३० साली कंपनीला दुसऱ्या दोन कंपन्यांसोबत विलीन व्हावं लागलं, १९३७ साली कारभार सिरॅक्यूजला एकत्र आणला. पुढं दुसरं महायुद्ध लागलं. घराघरात एसी जायला लागला तो युद्धानंतर. कॅरियर मात्र ७ ऑक्टोबर १९५० ला गेला.

त्याच वर्षीच्या जनगणनेत ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या फिनिक्सची लोकसंख्या होती सुमारे १ लाख ७ हजार. २०२० साली ती १६ लाखांच्या वर गेली.

फिनिक्सवाले आधी काय करायचे? ओल्या चादरी लावून व्हरांड्यात झोपायचे. १९३० च्या दशकात आपल्याकडच्या डेझर्ट कूलरसारखे कूलर आले. कोरड्या हवेत ते झकास चालतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथंही पावसाळी दमट हवा येते आणि कूलर नांगी टाकतो. पुन्हा मुद्दा तोच, हवेतलं पाणी! एसीनं तो सोडवला आणि शहर पसरत गेलं.

आता या शहराचा जीव एसीवर आहे. २०२३ साली तिथं सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सियस किंवा त्याच्या वर गेला. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथं त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. घरात दगावलेल्या अनेकांकडं एसी बंद होता, बिघडलेला होता किंवा नव्हताच. म्हणूनच एसी असलेलं घर भाड्यानं दिलं तर ते ८२ फॅरनहाइटपर्यंत गार झालंच पाहिजे, असा फिनिक्सचा नियम आहे. कूलर असेल तर मर्यादा ८६.

साहजिकच एसीवाल्याचं लायसन्स ही तिथं गंभीर गोष्ट आहे. ॲरिझोनात काँट्रॅक्टरांचं सरकारी रजिस्ट्रार कार्यालय आहे. मजुरी आणि सामान धरून काम १००० डॉलरच्या आतलं असेल आणि त्याला परमिट लागत नसेल, तर किरकोळ कामाची सूट मिळते. त्यापुढं लायसन्स हवंच. घरगुती एसीच्या कामाचा वर्ग आहे आर-३९, व्यापारी कामाचा सी-३९. त्यासाठी अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, बाँड भरावा लागतो. गॅस हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला केंद्र सरकारचं प्रमाणपत्र वेगळं लागतं.

लायसन्सशिवाय काँट्रॅक्ट घेणं हा तिथं गुन्हा आहे. असा माणूस थकलेल्या बिलासाठी कोर्टातही जाऊ शकत नाही. उलट लायसन्सवाल्यानं घरमालकाचं काम बिघडवलं, तर सरकारी भरपाई निधीतून ३० हजार डॉलरपर्यंत मिळू शकतात. स्वस्तातला बिनलायसन्सवाला धरला की हे कवच गेलं.

आणि खर्च? घराची पूर्ण यंत्रणा बदलायची तर आकडा हजारो डॉलरमध्ये जातो. तो कशावर ठरतो? किती टन, हवेच्या नळ्यांची अवस्था, परमिट, आणि मशीन छतावर असेल तर क्रेनचं भाडं. जुना आर-२२ गॅस अमेरिकेत २०२० पासून नव्यानं बनतच नाही, त्यामुळं जुन्या मशीनची दुरुस्तीही महाग पडते. वर भर जुलैत एसी बंद पडला तर घासाघीस करायला वेळ कुणाला असतो?

यातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे अंदाजानं टन ठरवणं. मशीन गरजेपेक्षा मोठं घेतलं तर ते खोली झटपट गार करून बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. दमटपणा तसाच राहतो आणि मशीन लवकर झिजतं. चांगला काँट्रॅक्टर आधी खिडक्या, छत, भिंती, माणसं मोजतो आणि मग टन सांगतो.

कॅरियरनं १९०२ साली हेच केलं होतं. आधी हिशोब केला, मशीन नंतर सांगितलं. फिनिक्स असो की नागपूर, घरात न डोकावता फोनवरच टन सांगणारा भेटला, तर दुसऱ्याला विचारलेलं बरं.