बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे

या अंकासाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे. जिजामाता आणि अहिल्याबाई यांच्यावर दरवर्षी लेख येतोच, म्हणून मी ताराबाई शिंदे निवडल्या.

त्यांचा जन्म १८५० च्या सुमारास वऱ्हाडात बुलढाणे येथे झाला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मराठा घराण्यातली मुलगी त्या काळी माजघराबाहेर पडत नसे. पण बापूजींनी तिला हौसेने शिकविले. लग्नानंतर नवराच त्यांच्या घरी येऊन राहिला. मूलबाळ झाले नाही.

१८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचे नवजात मूल मारल्याचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा ठोठावली गेली. पुढे अपिलात ती कमी झाली. पुण्याच्या एका पत्राने या निमित्ताने सबंध स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतले. बाई म्हणजे कपटाची खाण, असा एकूण सूर. त्या मुलाचा बाप कोण, हे मात्र कोणी विचारीना!

ताराबाईंना हे सोसले नाही. त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि १८८२ साली ती पुण्यात छापली. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. स्त्रियांना दूषणे देणारा एक संस्कृत श्लोक घेऊन त्यांनी एकेक दूषण उचलले आणि ते पुरुषांत किती पटीने आहे ते दाखविले. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, पण बायकोसाठी कोणता नवरा गेला, असेही विचारले. भाषा आपल्या घरातलीच, चुलीपुढे बसून बोलावे तशी. मवाळ मुळीच नाही. पुरुषांना त्यांनी जे शब्द वापरले आहेत, ते मी आमच्या घरात मोठ्याने वाचू शकले नाही, हे खरे सांगते.

पुस्तकावर हेटाळणी झाली. परक्यांनी केली यात नवल नाही. पण सत्यशोधक मंडळींतूनही झाली. ‘दीनबंधु’ पत्र ज्यांनी १८७७ साली काढले, त्या कृष्णराव भालेकरांचे नाव त्यात घेतले जाते. जोतीरावांपुढे मोठाच पेच आला असेल. कार्यकर्ते मूठभर, विरोधक ढीगभर. आपल्याच माणसाला चारचौघांत बोलावे तर फूट दिसते. पण १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंना लेकीच्या मायेने पाठीशी घातले आणि टीका करणाऱ्यांना छापून खडसावले.

मला इथे आमची गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आठवते. पाण्यासाठी बायकांचा मोर्चा निघाला होता. साहेबांना बांगड्यांचा आहेर करायचा, असे ठरले. बांगड्या आणायला मीच गेले, डझनभर हिरव्या. आमच्यातली एक जण म्हणाली, बांगड्या म्हणजे भित्रेपणा, असे आपणच कशाला म्हणायचे? आम्ही तिला गप्प केले. वेळ आपल्या माणसांबरोबर राहण्याची आहे, असे मीच तिला सुनावले. त्या बांगड्या साहेबांच्या टेबलावर ठेवताना माझ्या स्वतःच्या हातातल्या वाजल्या, आणि मला कसेसेच झाले. ती मोर्चातून निघून गेली. नंतर मंडळातही कमी येऊ लागली. तिच्या घरी जाऊन बोलायला मला दिवाळी उजाडली.

ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघालेले दिसत नाही. इतकी धारदार लेखणी एका पुस्तकावर थांबली, याची हळहळ वाटते. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. पुस्तक लोक विसरून गेले होते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले, म्हणून आपल्यासारख्यांच्या हाती पडले.

एक प्रत मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. वहीत सही करून न्यावी. सध्या ती बांगड्यांना नको म्हणणाऱ्या बाईंकडे आहे. त्यांनी परत केली की पुढचा नंबर लावावा.