सारंगीवाल्याचा मुलगा ते संगीतरत्न: मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी नाव कसे कमावले

इस्लामपुरात मुलाच्या हातात पदवी पडली की पहिला सल्ला मिळतो पुण्याला जाण्याचा, आणि हल्ली दुसरा मिळतो लिंक्डइनवर खाते उघडण्याचा. राजारामनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं असोत नाहीतर बापाच्या गॅरेजात हात काळे करणारी, सगळ्यांना एकच सांगितले जाते. आधी स्वतःचा ब्रँड उभा करा, ओळखी वाढवा, लोकांच्या नजरेत राहा. हे ऐकून घरातले वडीलधारे बिचकतात. आपलीच जाहिरात आपणच करायची, हे त्यांच्या पचनी पडत नाही. आणि ओळखी म्हणजे वशिला, असा त्यांचा सरळ हिशेब असतो.

आम्हाला या वादात एक जुना माणूस आठवतो. इस्लामपूरहून आष्टा आणि सांगली ओलांडून मिरजेला गेले की ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा लागतो. त्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब म्हणून त्यांना हिंदुस्थानभर ओळखतात. (घराण्याचे नाव ऐकून नव्या मुलांना किराणा दुकान आठवते. त्यात त्यांचा दोष नाही, कोणी सांगितलेलेच नसते.) या माणसाने आपले नाव कसे उभे केले, ओळखी कशा जोडल्या आणि त्याची किंमत काय मोजली, हे आपल्या घरांतून सांगितले जायला हवे असे आम्हाला वाटते.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. याच गावाला गवयांच्या बोलण्यात किराणा म्हणतात. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. घराणे गाण्याबरोबरच सारंगी आणि बीन वाजवणारे होते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्या काळी सारंगीवाल्याला मैफलीत मान कमी असायचा. गवई पुढे बसायचा, सारंगीवाला मागे. हुनर कितीही असला तरी त्याची ओळख साथीदाराचीच. बरे, सारंगी कोठ्यांवरही वाजायची, त्यामुळे सभ्य म्हणवणारी घरे नाक मुरडायची. अब्दुल करीम स्वतः उत्तम सारंगी वाजवत. पण त्यांनी गवई व्हायचे ठरवले आणि तेवढ्यावर न थांबता सारंगीचा सूर गळ्यात आणला. गजाने सूर जसा न तुटता लांबतो, तसा त्यांचा आवाज लांबत जाई. ज्या वाद्यामुळे लोक कमी लेखत, त्याच वाद्याने त्यांच्या गाण्याला वेगळी चाल दिली. आज जाणकार त्यांची जुनी रेकॉर्ड दोन क्षणांत ओळखतात, त्यामागे ही सारंगी आहे.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गवई झाले. सयाजीराव महाराजांचे संस्थान, पगार, मान, सगळे होते. तिथे सरदार माने यांच्या घराण्यातली ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होती. दोघांचे मन जुळले. घरचा विरोध होता, म्हणून एकोणिसावे शतक संपता संपता दोघांनी बडोदा सोडले आणि मुंबई गाठली. म्हणजे बघा, दरबारची नोकरी गेली, आश्रयदाता गेला आणि मोठ्या घराचा रोष मागे लागला. आजच्या भाषेत सांगायचे तर सगळे नेटवर्क एका रात्रीत तुटले. नव्याने उभे राहायला हाताशी काय होते? गळा आणि वाद्ये जुळवणारे हात.

मुंबईहून ते मिरजेकडे आले. मिरज तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते आणि गाण्याचे गाव म्हणून आधीपासून ओळखले जात होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे शिकवून गेले होते, विष्णु दिगंबर पलुस्कर तिथेच घडले होते. सतारमेकरांच्या गल्लीत तंबोरे आणि सतारी बनत होत्या. एकदा मिरजेत खाँसाहेबांना प्लेगने गाठले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात पडून राहिल्यावर त्यांना उतार पडला, अशी आठवण मिरजेत श्रद्धेने सांगितली जाते. तेव्हापासून या दर्ग्याशी त्यांचे नाते जुळले ते कायमचे. गावोगावी फिरून ते पुन्हा मिरजेलाच येत.

सतारमेकरांशी त्यांची दोस्ती मोठी होती, आणि ती नुसती गिऱ्हाइकाची नव्हती. खाँसाहेब वाद्यांची दुरुस्ती स्वतः करत. जवारी लावणे, तारा बदलणे, घोडी घासणे यातले काहीही त्यांना कमीपणाचे वाटत नसे. तंबोरा मनासारखा जुळेपर्यंत ते गायला तोंड उघडत नसत. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते अर्थातच त्या कारागिरांच्या पिढ्यांचे फळ आहे. पण वाद्याकडून अमुकच सूर हवा असा हट्ट धरणारा गवई शेजारी राहत असला, तर कारागिराचा हातही बारीक होतो, हे कोणीही कबूल करील.

आता त्यांच्या सगळ्यात मोठ्या कामाकडे येऊ. त्या दिवसांत गाणे घराण्याच्या कुलपात असे. उस्ताद आपल्या मुलाला आणि पुतण्याला शिकवी. बाहेरच्या शागिर्दाला वर्षानुवर्षे हुक्का भरायला लावून चार चिजा देई. यावरून मुसलमान उस्तादांवर टीकाही होत होती. विद्या दडवतात, शास्त्र जाणत नाहीत, असे छापून येत होते. पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते, पंडित भातखंडे चिजा गोळा करून पुस्तके छापत होते. काळ बदलत होता आणि बरेचसे उस्ताद दाराला आतून कडी घालून बसले होते. टीका सगळी रास्त नव्हती. पिढ्यानपिढ्या पोटाला जे घातले तेच फुकट वाटा, असे सांगणे सोपे असते. पण तिला उत्तर देण्याचे काम कोणीतरी करायला हवे होते.

खाँसाहेबांनी ते वाद घालून दिले नाही. त्यांनी 1913 मध्ये पुण्यात शाळा काढली. नाव ठेवले आर्य संगीत विद्यालय. एका मुसलमान उस्तादाने शाळेला हे नाव द्यावे, याचे आज नवल वाटते. त्यावर इतिहासकारांनी बरेच लिहिले आहे. आम्हाला त्यात व्यवहार दिसतो आणि मोकळेपणाही. पुण्यातल्या ब्राह्मण-मराठा घरांनी आपली मुले निर्धास्तपणे पाठवावीत, हा विचार त्यामागे असणारच. विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय शाळेतच होई. फी भरण्याऐवजी मुलांनी ठरलेली वर्षे शिकायचे आणि शाळेच्या जलशात गायचे, असा करार असे. जलशाला तिकीट लावत, त्या पैशावर शाळा चाले. खाँसाहेब मुलांना घेऊन गावोगावी जात आणि मुलांना स्वतःच्या आधी गायला बसवत. त्यांच्याकडे सुरात आवाज काढणारा एक कुत्राही होता, तो जलशात लोकांना दाखवला जाई, असे सांगतात. गंभीर गवयांना हे आवडले नसेल. तिकिटे मात्र खपली असतील!

मुंबईतही शाळेची शाखा निघाली. पण शाळा चालवणे म्हणजे कायम पैशाची ओढाताण. शेवटी 1920 च्या सुमारास त्यांनी मिरजेतच बस्तान बसवले.

त्यांच्या ओळखींचा पसारा बघितला तर थक्क व्हायला होते. कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांना भारतीय संगीतातल्या 22 श्रुती मोजून दाखवायच्या होत्या. त्यांच्याबरोबर क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश. मोजमाप होते, हार्मोनिअमवर ते बसवण्याची खटपट होती, पण अचूक सूर लावून दाखवणारा गळा हवा होता. खाँसाहेबांनी तो दिला. घराण्याचे गुपित सरकारी साहेबांसमोर उघडे करू नये, असे म्हणणारे तेव्हाही होते. खाँसाहेबांना हे आपल्या कानांची परीक्षा घेण्याचे काम वाटले असावे. देवलांचे पुस्तक 1910 मध्ये निघाले. पुढे त्यांच्या सिद्धान्तावर पुष्कळ वाद झाले, पण अब्दुल करीम खाँ हे नाव इंग्रजी वाचणाऱ्या वर्गापर्यंत पोचले.

दुसरी वाट दक्षिणेची. म्हैसूर दरबारात ते वरचेवर जात. महाराजांनी त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. बाकीचे उत्तरेचे गवई दक्षिणेत जाऊन आपले गाऊन बिदागी घेऊन परतत. खाँसाहेब तिथे ऐकायला बसले. कर्नाटक संगीताचा त्यांनी मनापासून अभ्यास केला, त्यागराजांची कृती शिकून रेकॉर्डही केली. तिथल्या गायकांची सरगम म्हणण्याची लकब त्यांनी आपल्या ख्यालात उचलली. म्हैसूरच्या वाटेवर धारवाड पडे, तिथे त्यांचा मुक्काम असे. आज धारवाड-हुबळी हा पट्टा किराणा गायकीचे माहेर मानला जातो, त्याची मुळे या मुक्कामांत आहेत. ओळख म्हणजे काय, तर समोरच्याकडे आपल्याला शिकण्यासारखे काय आहे हे बघणे, असे त्यांचे वागणे होते. वशिल्याचा हिशेब इथे लागू पडत नाही.

आणि तिसरी वाट रेकॉर्डची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रामोफोन कंपनीवाले आले, तेव्हा यंत्रात गायले तर आवाज जातो अशी भीती गवयांत होती. खाँसाहेब त्या पहिल्या काळातच गायले. पुढे 1930 च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी केलेल्या रेकॉर्डी घरोघरी गेल्या. तीन मिनिटांत राग उभा करायचा हे सोपे नाही. मराठी नाट्यपदेही त्यांनी गायली, आणि ती ऐकताना हा माणूस कैरान्याचा आहे हे विसरायला होते. त्यांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका लहान मुलाच्या कानावर पडली आणि असे गाणे शिकायचे म्हणून तो घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

भीमसेन शिकले ते खाँसाहेबांचे शागिर्द सवाई गंधर्व यांच्याकडे. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. गंगूबाई हनगल यांचे गुरूही तेच. पुण्यात 1953 पासून जो सवाई गंधर्व महोत्सव भरतो, तो या शागिर्दाच्या नावाचा. खाँसाहेबांच्या चुलत नात्यातल्या रोशन आरा बेगम त्यांच्याकडे शिकल्या आणि फाळणीनंतर पाकिस्तानात मोठ्या गायिका म्हणून गाजल्या. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी तर गुरूचे चरित्र लिहिण्यात हयात घालवली. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना, हिंदू-मुसलमान, बायका-पुरुष, सगळ्यांच्या तोंडी एकाच उस्तादाचे नाव.

पण घरात काय झाले? ज्या ताराबाईंसाठी बडोदा सोडले, त्या 1922 च्या सुमारास मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. पाचही मुलांना घेऊन त्या गेल्या, आणि मुलांनी माने हे आईचे आडनाव लावले. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, सकीना सरस्वती राणे म्हणून नावाजल्या, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या. हिराबाईंनी बैठकीच्या गाण्याला घरंदाज प्रतिष्ठा मिळवून दिली, महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. सुरेशबाबूंनी आणि हिराबाईंनी प्रभा अत्रे यांना शिकवले. वडिलांचे गाणे मुलांकडे राहिले, वडिलांचे नाव मात्र गेले. गावोगावचे जलसे, शाळेचा खर्च, माणसांचा सततचा राबता, या सगळ्याचा भार त्या घरावर पडला नसेल असे आम्हाला वाटत नाही. चूक कोणाची हे शंभर वर्षांनी आपण ठरवू नये. पण नावलौकिकाच्या गोष्टी सांगताना हा भाग वगळूही नये. बाहेर सगळ्यांना जोडणाऱ्या माणसाला घर जोडून ठेवता आले नाही, हेही मुलांच्या कानावर पडू द्यावे.

शेवटची वर्षे खाँसाहेब दक्षिणेत बरेच फिरले. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासकडचे कार्यक्रम आटोपून ते रेल्वेने पाँडिचेरीला अरविंद आश्रमाकडे निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर अंथरूण घालायला लावले, तंबोरा जुळवून घेतला आणि अल्लाहचे नाव घेत दरबारी रागात सूर लावला, असे सोबतचे सांगत. तिथेच 27 ऑक्टोबरला त्यांचा इंतकाल झाला. शागिर्दांनी मय्यत मिरजेला आणली आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले.

दर वर्षी उरुसात दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा भरते. देशभरातले गायक-वादक तिथे हजेरी लावायला येतात, रात्र रात्र गाणे चालते. ऐकायला तिकीट नसते. इस्लामपुरातून संध्याकाळची एसटी धरली तरी वेळेवर पोचता येते.